वार्निश

नळी आणि बोल्ट स्वयंपाकघरात, टॉवेलात गुंडाळलेले.
गॅरेजात माझ्यासमोर नुसता दस्ता,
दोन स्टुलांवर आडवा,
दवाखान्यात कपडे काढून बसवलेल्या माणसासारखा
जरा ओशाळलेला.

चकाकतो किती! पाकात बुडवून काढलेलं सफरचंद जणू.
वडील म्हणायचे, आरसा कशाला, ह्यातच दाढी करतो.
हरणं मात्र दोनशे पावलांवरून ओळखायची,
विल्हो कांगास आला.

ऑक्टोबर संपत आलाय. पंधरा नोव्हेंबरला शिकारीचा हंगाम उघडेल.
सुपीरिअर सरोवरावरचा वारा दाराखालून आत शिरतो.
डब्यावर लिहिलंय, हवा खेळती ठेवा.
खेळतेय.

जेल ब्रशने जाड थापायचं
आणि मग हात लावायचा नाही, वीस मिनिटं.
हेच मला कधी जमलं नाही.

आई खिडकीतून ओरडते, इल्ता, काय मेलंय गं तिथे?
शेजारचा ओर्वो डोकावतो,
खिशातले हात बाहेर न काढता सांगतो,
कंपनीचं पॉलिश उतरवलंस की किंमत अर्धी.
मी म्हणते, विकायचीय कुणाला?
आणि कंपनीचं नाहीच ते.

तांब्याची खाण बंद पडली त्या हिवाळ्यात
वडिलांनी घरातलं दिसेल ते लाकूड वार्निश केलं.
खुर्च्या. लाटणं. माझी बर्फावरची घसरगाडी.
सौनाचं दारसुद्धा, जे कुणी करत नाही;
पहिल्याच शनिवारी त्याला फोड आले.
शेवटी बंदूक.
सात थर, दोन थरांमध्ये एकेक दिवस.
दिवस त्यांच्याकडे भरपूर होते.

आता वर सुरकुत्या येतायत.
दुधावरची साय निघावी तसा थर सुटतो,
मुदत संपलेल्या बँकेच्या कार्डाने मी तो खरवडते,
वर्तमानपत्रावर झटकते,
पुन्हा खरवडते.
मुठीजवळच्या बारीक जाळीत टूथब्रश घालते,
तिथून तपकिरी चिखल निघतो
आणि ब्रशचा एक केस, माझ्या ब्रशचा नाही,
पन्नास-पंचावन्न वर्षं काचेत अडकलेला.

खाली अक्रोड.
कोरडा, करडा, झोपेतून उठवल्यासारखा.
एक पोचा होता, त्यावर ओला फडका ठेवून इस्त्री टेकवली,
चर्र झालं, लाकूड फुगून वर आलं.
शेजारची खाच नाही आली.
दबलेले तंतू वाफेने उठतात. तुटलेले उठत नाहीत.

मग चापाच्या मागे, जिथे वार्निशचा ओघळ थिजलाय,
तिथे एक अंगठा.
स्पष्ट. रेषा न् रेषा.
वाळलंय का बघायला टेकवला असणार.
म्हणजे त्यांनाही जमत नव्हतं.

चष्मा आणायला आत गेले.
परत येईपर्यंत जेल तिथवर उतरलं होतं
आणि भोवरा बाहेरच्या कडेकडून सैल होत होता.
चिंधी हातात होती.
पुसता आलं असतं.
मी बघत राहिले, पूर्ण वीस मिनिटं,
आयुष्यात पहिल्यांदा.

संध्याकाळी आई कोट खांद्यावर टाकून आली.
चष्मा नव्हता, तिने हातानेच पाहिलं,
टाचेपासून टोकापर्यंत.
म्हणाली, लग्नाच्या वर्षी अशीच होती.
मला अशीच आवडायची.

मग त्यांना सांगितलं का नाहीस?

"त्या हिवाळ्यात?" आई म्हणाली,
आणि जवसाच्या तेलाचा डबा
बोटाने माझ्याकडे सरकवला.
हातमोजे काढ, म्हणाली. तळहाताने लाव.